क्लॉड शॅनन

क्लॉड एलवुड शॅनन (जन्म : ३० एप्रिल १९१६, पेटॉस्की, मिशिगन, मृत्यू : २४ फेब्रुवारी २००१, मेडफर्ड, मॅसॅच्युसेट्स) हे अमेरिकन गणितज्ञ व विद्युत अभियंते होते. त्यांना माहिती सिद्धांताचे जनक मानले जाते. कोणताही संदेश किती लहान करता येईल आणि गोंगाट असलेल्या मार्गावरून तो किती वेगाने बिनचूक पाठवता येईल, या दोन प्रश्नांची गणिती उत्तरे त्यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दिली. आज संगणक जाळ्यांवरून होणारे व्हिडिओचे प्रसारण, म्हणजेच स्ट्रीमिंग, या दोन उत्तरांच्या चौकटीतच चालते. शॅनन यांनी स्वतः व्हिडिओ कॉम्प्रेशनची कोणतीही पद्धत तयार केली नाही. अशा पद्धती कुठवर जाऊ शकतात याची सीमा मात्र त्यांनी आखून दिली, आणि पुढच्या अभियंत्यांचे बरेचसे काम त्या सीमेच्या दिशेने झालेली वाटचाल आहे.

बालपण

शॅनन यांचे बालपण मिशिगन राज्यातील गेलॉर्ड या छोट्या गावात गेले. त्यांचे वडील व्यापारी होते व काही काळ वारसाविषयक न्यायालयाचे न्यायाधीश होते. आई मेबल वुल्फ शॅनन भाषा शिकवत असत आणि गेलॉर्डच्या माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिकाही होत्या. थोरली बहीण कॅथरीन गणितात हुशार होती व तिने पुढे त्याच विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतले.

लहानपणी शॅनन यांना यंत्रे उघडून पाहण्याची व नवी बनवण्याची आवड होती. त्यांनी विमानांच्या प्रतिकृती व रेडिओवर चालणारी खेळण्यातील नाव तयार केली, गावातले बिघडलेले रेडिओ दुरुस्त केले आणि वेस्टर्न युनियन या तार कंपनीसाठी तारा पोहोचवण्याचे कामही केले. सुमारे अर्धा मैल अंतरावर राहणाऱ्या मित्राच्या घरापर्यंत त्यांनी तारयंत्र जोडले होते. त्यासाठी वेगळी तार न ओढता शेताच्या कुंपणाची काटेरी तारच वापरली होती. थॉमस एडिसन हे त्यांचे आदर्श होते. शॅनन व एडिसन यांचे पूर्वज एकच असल्याचे त्यांना पुष्कळ वर्षांनी समजले.

शिक्षण व रिलेचे बीजगणित

१९३२ मध्ये शॅनन यांनी मिशिगन विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १९३६ मध्ये विद्युत अभियांत्रिकी व गणित अशा दोन पदव्या मिळवल्या. येथेच त्यांना जॉर्ज बूल या एकोणिसाव्या शतकातील गणितज्ञाच्या तर्कबीजगणिताची ओळख झाली. त्याच वर्षी सूचनाफलकावरील एक जाहिरात पाहून त्यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथे अर्ज केला. व्हॅनिव्हर बुश यांनी बनवलेले डिफरन्शियल अ‍ॅनलायझर हे अवाढव्य यांत्रिक गणनयंत्र सांभाळण्याचे ते काम होते.

या यंत्राचे नियंत्रण करणाऱ्या मंडलात शंभरावर रिले होते. रिले एकतर बंद असतो किंवा चालू. तर्कातील विधान एकतर खरे असते किंवा खोटे. या दोहोंचे गणित एकच आहे, हे शॅनन यांनी १९३७ मध्ये वयाच्या २१व्या वर्षी लिहिलेल्या पदव्युत्तर प्रबंधात दाखवले. प्रबंधावर आधारित निबंध १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत स्विचांची मंडले अनुभवाने व अंदाजाने रचली जात. आता ती समीकरणांनी रचता येऊ लागली. जपानमधील अकिरा नाकाशिमा आणि सोव्हिएत संघातील व्हिक्टर शेस्ताकोव्ह हेही याच सुमारास स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षांकडे पोहोचले होते. तरी अंकीय मंडलांच्या रचनेचा पाया म्हणून शॅनन यांचाच प्रबंध सर्वत्र मान्य झाला. त्याबद्दल त्यांना आल्फ्रेड नोबल पारितोषिक मिळाले. हे अमेरिकन अभियांत्रिकी संस्थांचे पारितोषिक असून स्वीडनच्या नोबेल पारितोषिकाशी त्याचा संबंध नाही. नावाच्या साम्यामुळे अनेकदा गोंधळ होतो.

बुश यांच्या सूचनेवरून शॅनन यांनी डॉक्टरेटसाठी आनुवंशिकीतील बीजगणिताचा विषय घेतला आणि १९४० मध्ये गणितातील पीएच.डी. मिळवली. या विषयाकडे ते पुन्हा फारसे वळले नाहीत. त्यांचे मन दुसरीकडेच गुंतलेले होते. फेब्रुवारी १९३९ मध्ये बुश यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी टेलिफोन, रेडिओ, दूरचित्रवाणी, तारयंत्र अशा सर्व संदेशवहन व्यवस्थांच्या सामायिक गुणधर्मांवर आपण काम करत असल्याचे कळवले होते. ते काम प्रसिद्ध होण्यास आणखी नऊ वर्षे लागली.

युद्धकाळ

प्रिन्स्टन येथील इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडी या संस्थेत काही महिने काढल्यानंतर १९४१ मध्ये शॅनन बेल टेलिफोन प्रयोगशाळेत रुजू झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी विमानविरोधी तोफांच्या नेमनियंत्रणावर आणि गुप्तलेखनावर काम केले. मित्रराष्ट्रांच्या नेत्यांमधील संभाषण गुप्त ठेवणाऱ्या सिगसॅली या ध्वनिव्यवस्थेच्या सुरक्षिततेच्या तपासणीतही त्यांचा सहभाग होता. या व्यवस्थेत आवाजातील मोजकेच गुणविशेष वेगळे काढले जात, त्यांचे अंकांत रूपांतर होई आणि ते अंक सांकेतिक करून पाठवले जात. आवाज जसाच्या तसा पाठवण्याची गरज नाही, ऐकणाऱ्याला पुरेल तेवढाच भाग पाठवावा, ही कल्पना येथे प्रत्यक्ष यंत्रात उतरली होती.

१९४३ च्या आरंभी ब्रिटिश गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग बेल प्रयोगशाळेत आले होते. दोघे उपाहारगृहात चहाच्या वेळी भेटत. आपापल्या गुप्त कामाविषयी बोलण्यास मनाई असल्याने विचार करणाऱ्या यंत्रांवरच त्यांच्या गप्पा होत. गुप्तलेखनाच्या गणितावरील शॅनन यांचा १९४५ चा अहवाल गोपनीय ठेवण्यात आला आणि त्याची सुधारित आवृत्ती १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली. गुप्तलेखन आणि संदेशवहन हे दोन्ही विषय त्यांच्या डोक्यात एकाच वेळी वाढत होते. शत्रूला संदेश गोंगाटासारखा भासावा हा पहिल्याचा हेतू, तर गोंगाटातून मित्राला संदेश निवडता यावा हा दुसऱ्याचा.

१९४८ चा शोधनिबंध

‘अ मॅथेमॅटिकल थिअरी ऑफ कम्युनिकेशन’ हा निबंध बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलच्या जुलै व ऑक्टोबर १९४८ च्या अंकांत दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्याआधी बेल परिवारातीलच हॅरी नायक्विस्ट यांनी १९२४ मध्ये आणि राल्फ हार्टली यांनी १९२८ मध्ये माहिती मोजण्याच्या दिशेने काही पावले टाकली होती. शॅनन यांनी त्यांचे ऋण निबंधाच्या सुरुवातीलाच मान्य केले आहे.

निबंधातील पहिला धाडसी निर्णय अर्थ बाजूला ठेवण्याचा होता. संदेश प्रेमपत्र आहे की बाजारभाव, याच्याशी अभियंत्याला कर्तव्य नाही. शक्य असलेल्या अनेक संदेशांपैकी कोणता निवडला गेला, एवढेच दुसऱ्या टोकाला कळले पाहिजे. त्यामुळे माहितीचे माप अनिश्चिततेवर अवलंबून राहते. नाणेफेकीचा निकाल सांगण्यास एक बिट लागतो. पण नाणे खोटे असून दहापैकी नऊ वेळा छापाच पडत असेल, तर अशा अनेक फेकींचे निकाल एकत्र सांकेतिक करून दर फेकीस सरासरी सुमारे ०.४७ बिटात सांगता येतात. ज्याची आधीच अपेक्षा आहे ते सांगण्यास खर्च कमी येतो, आणि अनपेक्षित गोष्ट सांगण्यास जास्त. या सरासरी अनिश्चिततेला शॅनन यांनी एन्ट्रॉपी हे उष्मागतिकीतील नाव दिले, कारण सूत्राचे रूप तेच होते. बिट हा शब्द जॉन टकी यांनी सुचवल्याचे त्यांनी नमूद केले आहे.

येथून दोन प्रमेये निघतात. पहिले असे की, कोणत्याही स्रोतातील संदेशांचा संक्षेप त्याच्या एन्ट्रॉपीपर्यंत करता येतो. त्याहून अधिक केल्यास काहीतरी गमवावे लागतेच. दुसरे प्रमेय अभियंत्यांच्या त्या काळच्या समजुतीला छेद देणारे होते. गोंगाट असलेल्या वाहिनीवरून बिनचूकपणा वाढवायचा तर वेग सतत कमी करत जावा लागेल, असे मानले जाई. शॅनन यांनी दाखवले की प्रत्येक वाहिनीला, मग ती तार असो वा रेडिओलहरी, एक ठरावीक क्षमता असते. त्या क्षमतेहून कमी वेगाने पाठवल्यास योग्य संकेतन वापरून चुकांचे प्रमाण हवे तितके कमी करता येते. क्षमता ओलांडल्यास ते शक्य नाही. उदाहरणार्थ, ३,००० हर्ट्‌झ बँडविड्थ असलेल्या आणि गोंगाटापेक्षा संदेशाची शक्ती १,००० पट असलेल्या टेलिफोन मार्गाची क्षमता सेकंदाला सुमारे ३०,००० बिट इतकी येते.

या प्रमेयाची सिद्धताही वेगळीच होती. चांगली संकेतावली कशी बनवायची हे शॅनन यांनी सांगितलेच नाही. यादृच्छिकपणे निवडलेल्या सर्व संकेतावल्यांची सरासरी काढली तर ती चांगली येते, म्हणजे त्यांत निदान एक तरी चांगली असलीच पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. खजिना याच डोंगरात आहे हे सिद्ध झाले, पण वाट कोणी दाखवली नाही. ती शोधण्यात पुढील अर्धे शतक गेले. निबंधात गणिती काटेकोरपणा कमी असल्याची टीका जोसेफ डूब यांनी केली होती. ब्रॉकवे मॅकमिलन, अमिएल फाइनस्टाइन, सोव्हिएत गणितज्ञ अलेक्सांद्र खिंचिन इत्यादींनी पुढे सिद्धता पक्क्या केल्या आणि शॅनन यांचे निष्कर्ष टिकून राहिले.

दोन प्रमेये एकत्र ठेवली की आणखी एक महत्त्वाची गोष्ट दिसते. संक्षेप करणे आणि गोंगाटापासून संरक्षण करणे ही दोन कामे वेगवेगळी करता येतात. आधी संदेशातील निरर्थक पुनरुक्ती काढून टाकावी, मग वाहिनीच्या स्वभावानुसार हिशेबाने नवी पुनरुक्ती घालावी. मधल्या टप्प्यावर सगळे केवळ बिट असतात. ते आवाजाचे आहेत की चित्राचे, याची वाहिनीला खबर नसते. व्हिडिओ कॉम्प्रेशन करणारे अभियंते आणि जाळे उभारणारे अभियंते आज स्वतंत्रपणे काम करू शकतात, त्याचे सैद्धांतिक समर्थन येथे आहे.

दूरचित्रवाणीचा विचार मूळ निबंधातही आला आहे. कृष्णधवल चित्रप्रसारणातील संदेश म्हणजे पडद्यावरील दोन सहनिर्देशक व काळ यांवर अवलंबून असलेली प्रकाशतीव्रता, आणि रंगीत चित्रप्रसारणात अशा तीन राशी, असे वर्णन शॅनन यांनी संदेशांचे प्रकार सांगताना केले. आजच्या व्हिडिओ फाइलची गणिती व्याख्या याहून फारशी वेगळी नाही.

भाकीत आणि शिल्लक

१९५१ मध्ये शॅनन यांनी छापील इंग्रजीच्या एन्ट्रॉपीवर निबंध लिहिला. एखादा उतारा दडवून ठेवायचा आणि दुसऱ्याला एकेक अक्षर ओळखण्यास सांगायचे, असा त्यांचा प्रयोग होता. पत्नी बेटी याही त्यात सहभागी होत असत. मराठी वाचकाला ‘महारा’ एवढे दिसले की पुढचे अक्षर सांगावे लागत नाही, तसेच इंग्रजीतही घडते. सव्वीस अक्षरे व रिकामी जागा यांना समान संधी असती तर दर अक्षरास सुमारे ४.७५ बिट लागले असते. मागचा मजकूर लांबलचक ठाऊक असल्यास प्रत्यक्षात दर अक्षरास सुमारे एकच बिट पुरतो, असा अंदाज या प्रयोगातून निघाला.

याच निबंधातील एक काल्पनिक रचना व्हिडिओच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. संदेश पाठवणाऱ्याकडे जो अंदाज बांधणारा आहे, त्याचा तंतोतंत जुळा भाऊ घेणाऱ्याकडे आहे असे समजावे. दोघे सारखेच अंदाज करणार. मग मजकूर पाठवण्याची गरज उरत नाही. कितव्या प्रयत्नात अक्षर ओळखले गेले, एवढेच कळवले की जुळा भाऊ मूळ मजकूर उभा करतो. आजचा व्हिडिओ एन्कोडर आणि प्रेक्षकाच्या मोबाइलमधील डीकोडर हे नेमके असे जुळे असतात. दोघेही आधीच्या फ्रेमवरून पुढच्या फ्रेमचे एकच भाकीत करतात, आणि जाळ्यावरून मुख्यतः त्या भाकिताच्या सूचना व उरलेली चूक पाठवली जाते. मागची भिंत हलत नसेल तर तिच्याविषयी जवळजवळ काहीच पाठवावे लागत नाही. मधला एखादा भाग हरवला की जुळ्यांची स्मृती वेगळी होते, आणि पडद्यावर चौकटी व विटलेले रंग दिसू लागतात.

बेल प्रयोगशाळेत ही कल्पना लगेच चित्रांना लावून पाहण्यात आली. १९५२ मध्ये शॅनन यांचे सहकारी बर्नार्ड ऑलिव्हर यांनी कार्यक्षम संकेतनावर, अर्न्स्ट क्रेट्झमर यांनी दूरचित्रवाणी संकेतांच्या सांख्यिकीवर आणि सी. डब्ल्यू. हॅरिसन यांनी त्यातील भाकितांवर निबंध लिहिले. शेजारच्या बिंदूंमध्ये किती साम्य असते, हे त्यांनी मोजून दाखवले. ऑलिव्हर व जॉन पीअर्स यांच्यासह शॅनन यांनी १९४८ मध्येच स्पंद संकेत परिवर्तनावर, म्हणजे संकेताचे नमुने घेऊन ते अंकांत पाठवण्याच्या पद्धतीवर, लेखन केले होते.

किती बिघाड चालेल?

एन्ट्रॉपीचे पहिले प्रमेय काहीही न गमावता केलेल्या संक्षेपाचे आहे. चित्रांसाठी ते पुरत नाही. १९२० बाय १०८० बिंदूंच्या व्हिडिओत दर बिंदूस २४ बिट आणि सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात. स्ट्रीमिंगमध्ये असा व्हिडिओ साधारण ५० लाख बिटांत बसवला जातो, म्हणजे सुमारे अडीचशेवा भाग. काही न गमावता इतके आटवणे शक्य नाही.

किती बिघाड पत्करला तर किती बिट वाचतात, हा प्रश्न शॅनन यांनी १९४८ च्या निबंधाच्या शेवटच्या भागात उपस्थित केला होता. त्याचे सविस्तर उत्तर त्यांनी १९५९ मध्ये दिले. हा सिद्धांत दर-विकृती सिद्धांत म्हणून ओळखला जातो. प्रत्येक स्रोताला एक वक्ररेषा असते. दिलेल्या बिघाडासाठी किमान किती बिट लागतील हे ती सांगते, आणि कोणतीही युक्ती तिच्याखाली जाऊ शकत नाही. गाऊसीय स्रोताच्या बाबतीत दर नमुन्यामागे एक बिट वाढवला की वर्गसरासरी चूक एक चतुर्थांश होते. आरंभी हा निबंध काहीसा दुर्लक्षित राहिला. १९४८ च्या निबंधाच्या झगमगाटात तो झाकला गेला, असे म्हणावे लागेल; व्हिडिओच्या दृष्टीने मात्र तोच अधिक जवळचा आहे.

व्हिडिओ कॉम्प्रेशन आणि स्ट्रीमिंगशी संबंध

शॅनन यांच्या सीमा आणि प्रत्यक्ष यंत्रे यांतील अंतर इतरांनी भरून काढले. एमआयटीत रॉबर्ट फॅनो यांचे विद्यार्थी असलेल्या डेव्हिड हफमन यांनी अभ्यासक्रमातील एका निबंधासाठी सर्वांत किफायतशीर अक्षरसंकेत बांधण्याची रीत शोधली आणि ती १९५२ मध्ये प्रसिद्ध केली. शॅनन व फॅनो यांच्या रीतींपेक्षा ती सरस होती. १९७४ मध्ये बंगळूरमध्ये जन्मलेले नासिर अहमद, टी. नटराजन व के. आर. राव यांनी विविक्त कोसाइन रूपांतर मांडले. चित्राच्या लहान चौकोनातील बरीचशी ऊर्जा मोजक्या अंकांत गोळा करणारे हे रूपांतर जेपीईजी चित्रांच्या आणि १९८८ च्या एच.२६१ पासूनच्या प्रमुख व्हिडिओ मानकांच्या केंद्रस्थानी राहिले आहे.

एच.२६४ (२००३), एचईव्हीसी (२०१३) आणि व्हीव्हीसी (२०२०) या मानकांतील शेवटच्या टप्प्याला एन्ट्रॉपी संकेतन असेच नाव आहे. चौकोन मोठा ठेवावा की तोडावा, भाकीत कोणत्या फ्रेमवरून करावे, बारकावा ठेवावा की सोडावा, हे ठरवताना एन्कोडर बिघाड आणि बिटांचा खर्च एका गुणकाने जोडून त्यांची बेरीज किमान करतो. १९९० च्या दशकात रूढ झालेली ही रीत म्हणजे १९५९ च्या वक्ररेषेवरचा रोजचा व्यवहार होय. व्हीव्हीसीपर्यंतच्या प्रत्येक पिढीचे उद्दिष्ट तेवढ्याच गुणवत्तेसाठी बिटांचा खर्च साधारण निम्म्यावर आणण्याचे होते.

जाळ्याच्या बाजूने पाहिल्यास इंटरनेटवरील पॅकेट बहुधा एकतर पोहोचते किंवा हरवते. अशा वाहिनीचे गणित एमआयटीतील पीटर इलायस यांनी १९५० च्या दशकात मांडले होते. शंभरातील दहा पॅकेटे हरवत असतील तर क्षमता नव्वद टक्के उरते. १९५६ मध्ये शॅनन यांनी एक आश्चर्यकारक निष्कर्ष सिद्ध केला : ज्या वाहिनीत प्रत्येक चूक आधीच्या चुकांपासून स्वतंत्र असते, तिच्यात घेणाऱ्याकडून उलट निरोप मिळत राहिला तरी क्षमता वाढत नाही. मात्र उलट निरोपामुळे काम सोपे होते. हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवले की झाले. चित्रपट पाहताना हाच मार्ग वापरला जातो, कारण काही सेकंदांचा साठा हाताशी असतो. दृक्-श्राव्य संभाषणात पुन्हा पाठवण्याइतका वेळ नसतो, म्हणून आधीच जादा दुरुस्ती पॅकेटे जोडली जातात.

वेळेचा हा मुद्दा शॅनन यांच्या सिद्धांताची मर्यादाही दाखवतो. त्यांची प्रमेये संदेशाचे तुकडे कितीही लांब करण्याची मुभा गृहीत धरतात. क्रिकेटचा सामना थेट पाहणारा प्रेक्षक तितका थांबू शकत नाही. शिवाय मोबाइल जाळ्याची क्षमता क्षणाक्षणाला बदलते. त्यामुळे संक्षेप व संरक्षण यांची काटेकोर फारकत व्यवहारात तंतोतंत पाळता येत नाही. २०१२ मध्ये मानक ठरलेल्या डॅशसारख्या पद्धतींत एकच व्हिडिओ वेगवेगळ्या बिटदरांत तयार ठेवला जातो आणि मिळणाऱ्या वेगानुसार प्रेक्षकाचे उपकरण काही सेकंदांचा पुढचा तुकडा निवडते. बदलत्या क्षमतेशी घातलेला हा मेळ सिद्धांताने आयता दिलेला नाही.

वाहिनीच्या क्षमतेजवळ जाणाऱ्या संकेतावल्यांचा शोधही लांबला. रॉबर्ट गॅलागर यांनी १९६० मध्ये एमआयटीतील प्रबंधात मांडलेली एलडीपीसी संकेतावली त्या काळच्या संगणकांना झेपणारी नव्हती व ती मागे पडली. १९९३ मध्ये फ्रान्समध्ये टर्बो संकेतावली पुढे आली आणि शॅनन यांची सीमा प्रथमच हाताच्या अंतरावर दिसली. त्यानंतर गॅलागर यांच्या कामाचा पुन्हा शोध लागला. आज ती संकेतावली वाय-फाय, उपग्रह दूरचित्रवाणी आणि ५जी यांत वापरली जाते.

एमआयटी आणि प्रसिद्धीपासून माघार

शॅनन १९५६ मध्ये पाहुणे प्राध्यापक म्हणून एमआयटीत गेले आणि १९५८ पासून तेथेच कायम झाले. त्याच सुमारास माहिती सिद्धांताची लाट उसळली होती. मानसशास्त्र, अर्थशास्त्र, जीवशास्त्र अशा सर्वच क्षेत्रांत त्याचे शब्द वापरले जाऊ लागले. १९५६ मध्ये लिहिलेल्या एका छोट्या संपादकीयात शॅनन यांनी या उत्साहाला आवर घालण्याचा सल्ला दिला : इतर शास्त्रांत या कल्पना उपयोगी पडतीलही, पण त्यासाठी प्रयोग व कष्ट हवेत, केवळ शब्द उसने घेऊन भागणार नाही. स्वतःच्या सिद्धांताच्या लोकप्रियतेविरुद्ध इतके स्पष्ट लिहिणारे शास्त्रज्ञ विरळाच.

१९६० च्या दशकानंतर त्यांचे प्रसिद्ध लेखन झपाट्याने कमी झाले. ते १९७८ मध्ये निवृत्त झाले.

यंत्रे व छंद

१९५० मध्ये शॅनन यांनी थीसियस नावाचा यांत्रिक उंदीर बनवला. तो चक्रव्यूहातून चाचपडत वाट शोधी आणि दुसऱ्या वेळी न चुकता जाई. त्याची स्मृती पटाखालील टेलिफोन रिलेंमध्ये होती. त्याच वर्षी संगणकाला बुद्धिबळ कसे शिकवावे यावरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. रोमन अंकांत हिशेब करणारे गणनयंत्र आणि चेंडू झेलणारी बाहुली हीदेखील त्यांचीच निर्मिती. बटण दाबल्यावर पेटीतून हात बाहेर काढून स्वतःलाच बंद करणारे यंत्रही त्यांनी मार्विन मिन्स्की यांच्या कल्पनेवरून बनवले होते. एडवर्ड थॉर्प यांच्याबरोबर त्यांनी रूलेटच्या चेंडूचे भाकीत करणारा अंगावर बाळगण्याजोगा संगणक तयार केला व १९६१ मध्ये लास व्हेगासमध्ये तो आजमावला. एकचाकी सायकल चालवत चेंडू झेलण्याचा त्यांचा छंद प्रयोगशाळेच्या बोळांत प्रसिद्ध होता.

व्यक्तिगत जीवन

नॉर्मा लेव्हर यांच्याशी १९४० मध्ये झालेला शॅनन यांचा पहिला विवाह अल्पकाळच टिकला. १९४९ मध्ये त्यांनी बेल प्रयोगशाळेतील गणितज्ञ बेटी मूर यांच्याशी विवाह केला. बेटी यांचा त्यांच्या संशोधनात व यंत्रनिर्मितीत मोठा वाटा होता. थीसियसच्या जोडणीचे बरेचसे काम त्यांनीच केले. या दांपत्याला तीन मुले झाली. कुटुंब मॅसॅच्युसेट्समधील विंचेस्टर येथे राहत असे.

सन्मान

शॅनन यांना १९६६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक आणि १९८५ मध्ये जपानचे क्योतो पारितोषिक मिळाले. माहिती सिद्धांताच्या क्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो आणि त्याचे पहिले मानकरीही तेच होते. पुण्यात जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५६ मध्ये पदवी घेऊन एमआयटीत गेलेले थॉमस कैलथ हे २००० साली या पुरस्काराचे मानकरी ठरले.

अखेरची वर्षे

१९८० च्या दशकात शॅनन यांच्यात स्मृतिभ्रंशाची लक्षणे दिसू लागली. १९८५ मध्ये इंग्लंडमधील ब्रायटन येथे भरलेल्या माहिती सिद्धांताच्या परिषदेत ते अनपेक्षितपणे उपस्थित राहिले, तेव्हा स्वाक्षरीसाठी त्यांच्याभोवती गर्दी झाली. पुढे त्यांना अल्झायमरचा आजार असल्याचे निदान झाले आणि १९९३ पासून ते शुश्रूषागृहात होते. टर्बो संकेतावली, इंटरनेटचा प्रसार आणि जाळ्यावरून होणारे व्हिडिओचे प्रसारण हे सर्व नेमके याच वर्षांत घडले. त्याची दखल घेण्याच्या स्थितीत ते उरले नव्हते. ऑक्टोबर २००० मध्ये गेलॉर्ड येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. २४ फेब्रुवारी २००१ रोजी वयाच्या ८४व्या वर्षी त्यांचे निधन झाले. केंब्रिज येथील माउंट ऑबर्न दफनभूमीत त्यांची समाधी आहे. शिळेच्या पुढच्या बाजूस केवळ नाव व तारखा आहेत; एन्ट्रॉपीचे सूत्र मागच्या बाजूस कोरलेले आहे.